पिवळ्या बल्बाखालचा ओटा

मी तिसरीत शाळा सोडली, तरी वॅट आणि युनिट मला कोणी शिकवू नये. उमेदीत दीपनगरच्या वीज केंद्रात कोळसा ओढला आहे मी. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो, "आबा, तो जुना बल्ब फार वीज खातो. आता सगळीकडे बंद होत चाललेत ते." मी म्हणतो, जन्मभर मी विजेला कोळसा खाऊ घातला, आता माझ्या बल्बानं थोडी वीज खाल्ली तर बिघडलं कुठं?

दिवाळीला आला तेव्हा त्यानं घरभर पांढरे दिवे लावले. ओट्यावरचा मी बदलू दिला नाही. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही. बोलणं व्हायचं ते ओट्यावर, समोरच्या घरातल्या मित्राशी. तो गाद्या भरणारा पिंजारी. दिवेलागणीला मी बटण दाबलं की तो गल्ली ओलांडून यायचा. मी बल्बाला हात जोडायचो. तो मुसलमान, तो जोडत नसे. पण तेवढ्यापुरतं बोलणं अर्ध्यावर थांबवायचा आणि मग तिथूनच पुढं सुरू करायचा.

मागच्या हिवाळ्यात तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनला धुळ्याला लेकीकडे गेला आणि इकडे बल्ब गेला. आतली तार तुटली की बल्ब काढून हळूच हलवायचा. तुटलेली टोकं एकमेकांत अडकली तर तो पुन्हा लागतो, वर आधीपेक्षा झगझगीत. तसा काही दिवस ओढला, मग तेही जमेना. इथल्या पिंप्राळ्यातला दुकानदार हसला. "आबा, ते आता कोंबडीवाले शोधतात, पिल्लांना ऊब द्यायला. तुम्ही अंडी घालून बसलात का?"

मी तसाच एसटीनं यावलकडे गेलो, एका कोंबडीवाल्याच्या शेडवर बसून राहिलो आणि दोन बल्ब घेऊन मांडीवर धरून आणले. मित्र परतल्यावर ओटा त्याला होता तसाच दिसायला हवा होता.

तो आला. काळा चष्मा काढून आधी बल्बाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"भाऊ, कावीळ झाली का तुला?"

"बल्बाचा उजेड आहे तो. नेहमीचाच."

"इतकी वर्षं मी ह्या हळदीत बसत होतो? काढ तो. लेकीकडे पांढरा दिवा आहे, ज्वारीतला खडा दिसतो."

"इथं ज्वारी कोण निवडतंय?"

"तुझं तोंड तरी नीट दिसेल."

"नीट बघून काय करणार आहेस त्याचं?"

"मग बस हळद लावून," म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलानं त्यांच्या दारावर पांढरा दिवा लावला. मित्रानं मला तिकडं बोलावलं. मी गेलो नाही. माझा ओटा सोडून दुसऱ्याच्या उजेडात कशाला बसू? तोही आला नाही. मला तो रोज लख्ख दिसायचा, एकटाच, गुडघे चोळत.

बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी त्यानं हाक मारली, "भाऊ, तठेच शे का रे?"

तिथंच आहेस का, म्हणून विचारत होता. रागात असला की तो शुद्ध मराठी बोलतो. अहिराणीवर आला म्हणजे राग उतरला समजावं.

"नवे डोळे आणलेस ना? बघ की."

"ह्या पांढऱ्यातून तुनाकडे बठ्ठा अंधारच दिखस."

सगळा अंधारच दिसतो म्हणतो, म्हणून मी खुर्ची ओट्याच्या कडेला ओढली. त्यानंही त्याची ओढली. त्यापुढं एक पाऊल तो आला नाही, मीही गेलो नाही.

आता रोज असं बोलणं होतं, गल्लीच्या अल्याडपल्याडून. मधून स्कूटर गेली की दोघं थांबतो. तो ओरडून जेवण झालं का विचारतो, मी ओरडून झालं सांगतो. मग गुडघे, मग पाणी आलं का. रात्री झोप लागत नाही, बायकोच्या रिकाम्या खाटेकडे बघवत नाही, हे त्याला सांगायचं राहून जातं. गल्लीभर ओरडून सांगण्यासारखं माझ्याकडे फार थोडं आहे.