धुराचं माप

गाडी चालू केली की अण्णा आधी मागं जात. धोतराचा सोगा खोचून उकिडवे बसत, सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरत आणि तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. "बघा की, डाग हाय का?" दूध आणायला निघालेल्या माणसानं काय सांगावं! तरी आम्ही रुमाल निरखून बघायचो, कारण नुसतं "नाही" म्हटलेलं अण्णांना चालत नसे.

सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं चादरींचं दुकान होतं. पेट्रोल भडकलं आणि भल्याभल्यांनी गाड्या काढून टाकल्या, तेव्हा या गृहस्थांनी चार माणसं कशीबशी मावतील अशी जुनी गाडी घेतली. ती सुरू झाली की अर्धी गल्ली निळी व्हायची. लोकांनी अण्णांना वेड्यात काढलं.

पण तुम्हीच सांगा, त्यांनी दुसरं काय करायचं? त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, दमा. त्यांची आई अक्कलकोटच्या पलीकडं खेड्यात अंथरुणाला खिळलेली. एसटीच्या धुरानं वहिनींचा श्वास कोंडायचा. एकदा तर अर्ध्या वाटेत वळसंगलाच उतरवून त्यांना परत आणावं लागलं. आगगाडीच्या कोळशाचं नावच नको. मायलेकींची गाठ पडून कितीतरी वर्षं झाली होती. "म्हातारी वाट बघायलीय," अण्णा म्हणत, "आन् मधे नुसता धूर हाय."

गॅरेजच्या उस्तादांनी हात टेकले. "अण्णा, पुरानी गाडी है. इतना धुआँ तो रहताच."

"इतना म्हंजे किती? माप काय?"

माप सांगणारं तेव्हा कोण होतं! सरकारलाही अजून धुराची आठवण झालेली नव्हती. अण्णांनी मग उस्तादांना चहा पाजून पाजून एकेक काम शिकून घेतलं आणि गाडी दारातच उघडली. इंजिनातली काजळी खरवडली, झिजलेल्या रिंगा बदलल्या, सायलेन्सरचा फुटका सांधा पक्का केला. राहिला कार्बोरेटरचा स्क्रू. तो पिळताना वहिनी मागच्या सीटवर बसत. अण्णांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आणि नजर वहिनींच्या चेहऱ्यावर. त्या जरा खोकल्या की इंजिन बंद. त्यांना ओट्यावर आणून पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "चुकलं माजं. परत बगू."

एकदा धूर घालवायच्या नादात त्यांनी पेट्रोल इतकं आवळलं, की धूर गेला आणि गाडीची ताकदही गेली. चढ दिसला की ती उभी. ढकलायला आम्ही.

"अण्णा, यापेक्षा बैलगाडी बरी की!"

"व्हय, पण आत बसनारी खोकत न्हाई," अण्णा घाम पुसत म्हणाले. आम्ही हसलो. बायकोसाठी असा हट्ट धरणारा माणूस मी त्यानंतर दुसरा पाहिला नाही.

शेवटी एका रविवारी चालू गाडीत बसून वहिनींनी सूपभर गहू निवडून संपवले आणि एकदाही खोकल्या नाहीत. पुढच्याच सकाळी अण्णांनी दुकान बंद ठेवलं. वेळ पडली तर ढकलायला माणूस हवा, म्हणून मलाही घेतलं.

वाटेत एक ट्रक काळा धूर ओकत पुढं चालला होता. अण्णांनी गाडी लिंबाखाली उभी केली आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत हलवली नाही. "दुसऱ्याचा स्क्रू आपल्या हातात न्हाई," म्हणाले. वळसंग कधी मागं पडलं, वहिनींना कळलंही नाही.

घरात शिरताच वहिनी आईच्या खाटेवर बसल्या आणि कानडीत बोलू लागल्या. गल्लीत दोन शब्दांनंतर दम घेणारी ही बाई इथं बोलतच राहिली. मधूनच अण्णांकडं हात करायची. म्हातारीही आमच्याकडं रागानं बघायला लागली. मला कानडी येत नाही.

"काय म्हणतायत वहिनी?" मी हळूच विचारलं.

अण्णा उंबऱ्याशी उभे होते. डोळे भरून आले होते.

"माज्या तक्रारी सांगायलीय. घरभर पेट्रोलचा वास, दुकानाकडं लक्ष न्हाई, लई हट्टी मानूस हाय म्हनं." मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी माझा हात दाबला.

"गप ऐका की. मधे कुटंच थांबंना झालीय."