डेल्मरचे ‘आपण’

माझ्या बहिणीचा नवरा डेल्मर हॅस्क्यू कधीही ‘हॅटोला कॉलेज जिंकलं’ असं म्हणत नाही. ‘आपण जिंकलो’ म्हणतो. हे ‘आपण’ म्हणजे मैदानावरची ती दांडगी पोरं आणि हा. हा त्या कॉलेजात आजवर एकाच दारानं शिरलाय, खानावळीच्या मागच्या, गॅसची टाकी भरायला. वर्गात कधी बसला नाही, मैदानावर कधी उतरला नाही, आणि पळायचं म्हणाल तर सुटलेल्या कुत्र्यामागेसुद्धा बायकोला पळवतो. पण सोमवारी सकाळी पेट्रोल पंपावर पोट पुढे काढून सांगणार, “आपला बचाव जरा ढिला पडला, नाहीतर आपण त्यांना पार लोळवलं असतं.”

कॉलेजात गेली होती ती माझी धाकटी बहीण, नेडा. सामन्याच्या मध्यंतरात मैदानावर उतरणाऱ्या कॉलेजच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. मोहरीसारख्या पिवळ्या रंगाचा कोट घालून मैदानाच्या मधोमध उभी राहायची, आणि आमचे वडील सगळ्या गॅलरीला ऐकू जाईल असं ओरडायचे, “ती माझी पोरगी!” लग्नाआधी डेल्मरला मासे पकडण्यापलीकडे कशात रस नव्हता. हा चेंडू हातात घेऊन पळायचा आमच्याकडचा फुटबॉल त्याला नेडानं शिकवला, हौसेनं, शेजारी बसवून. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला बाईनं.

आता त्याच्या घराची बेल कॉलेजचं गाणं वाजवते. हॅटोलाच्या संघाचं नाव पाणमांजरं, म्हणून टपालपेटीवरही पाणमांजर आहे, लाकडाचं, तोंडात मासा धरलेलं. जिंकलेल्या दिवशीचा शर्ट तो पुढे हरेपर्यंत धुऊ देत नाही, त्यामुळे चांगल्या वर्षी त्याच्या जवळ बसवत नाही. आमच्या वडिलांना पुरलं तो शनिवार होता, म्हणजे सामन्याचा दिवस. हा कानात रेडिओची गुंडी खुपसून थडग्याशी उभा. पाद्रीबुवा म्हणाले, “हे प्रभो, या जिवाला तुझ्या हाती घे,” आणि डेल्मर ओरडला, “झेलला!” दोघीतिघी बायकांनी भक्तिभावानं ‘आमेन’ म्हटलं. मी त्याला त्याच खड्ड्यात ढकलणार होते. नेडानं माझा हात धरला.

पण खरा राग मला पडवीचा आहे.

एकदा पाणमांजरं हरत होती, खेळाचा शेवटचा पाव भाग, शेवटचा क्वार्टर, चालू होता. आभाळ भरून आलं म्हणून नेडा मागच्या पडवीत दोरीवरचे कपडे काढायला गेली, आणि आत एकच आरोळी उठली. आपल्या पोरांनी चेंडू पार पलीकडे नेला होता. नेडा कपडे पोटाशी धरून धावत आत आली, तर पुढच्याच क्षणाला चेंडू हातचा गेला.

“नेडा, बाहेर जा,” डेल्मर म्हणाला.

“अरे, पण…”

“विचारू नकोस काही! जा!”

ती हसत गेली. ते जिंकले. झालं, त्या दिवसापासून नियम पडला. शेवटचा क्वार्टर आला की डेल्मर नुसती मान हलवणार आणि नेडा उठणार. नोव्हेंबरच्या गारठ्यातही घोंगडी गुंडाळून पडवीतल्या खुर्चीत बसणार आणि भिंतीतून येणाऱ्या आरडाओरड्यावरून आत काय चाललंय ते ओळखणार. डेल्मरचे मित्र उकडलेल्या शेंगा चघळत वर म्हणणार, “वहिनी, मनावर घेऊ नका, पण तुम्ही जरा पांढऱ्या पायाच्या.” कुत्रा मात्र आतच. त्याचा पाय चांगला आहे.

नेडानं भांडण कधी केलं नाही. तिला एवढंच हवं होतं, की एकदा तरी आपल्या घरात, आपल्या नवऱ्याशेजारी बसून खेळ शेवटपर्यंत बघावा. आणि गेल्या वर्षी पाणमांजरं अंतिम सामन्याला पोचली तेव्हा ती हे बोलली. मी तिथेच होते, भरलेल्या अंड्यांचं ताट घेऊन.

“डेल्मर, आज मी उठणार नाही. असा सामना पुन्हा कधी येणार? मला शेवट बघायचाय.”

“अगं राणी, आजच्याच दिवशी? वर्षभर केलंस ते आज पाण्यात घालवणार?”

“मी काय केलं वर्षभर? खुर्चीत तर बसले.”

“तेच तर! तुझ्याएवढं कुणीच केलेलं नाही आपल्यासाठी.” डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, नाटक्या! “ओपलताई, तुम्ही तरी समजवा हिला.”

“मी समजवायला लागले तर तुझा टीव्ही फुटेल,” मी म्हटलं.

नेडा उठली. उठली म्हणजे काय, उठतेच ती. मी अंड्यांचं ताट उचललं, पडवीतून तिला घेतलं आणि सरळ कुंपणापलीकडे माझ्या घरी आणलं. टीव्ही लावला. माझ्या जुन्या कोचावर बसून तिनं सगळा शेवट पाहिला, आणि पाणमांजरं जिंकली तशी ती अंड्यांसकट उभी राहून ओरडली. इतक्या वर्षांत तिला असं ओरडताना मी ऐकलं नव्हतं.

मग आम्ही दोघी वाजतगाजत त्याच्या घरी. त्यानं तिला उचलून गरगर फिरवलं. “तू बसलीस म्हणून जिंकलो आपण!”

“मी पडवीत नव्हतेच रे,” नेडा म्हणाली. “ओपलकडे होते. सगळं बघितलं, डोळ्यांनी.”

त्यानं तिला खाली ठेवलं. तोंड उघडं. मला वाटलं, आता तरी या खोपडीत उजेड पडणार. पडला.

“ओपलताईंचा कोच!” तो किंचाळला. “पोरांनो, ऐका, खरा शकुन त्या कोचाचा आहे!”

या वर्षी सप्टेंबरपासून नेडा शनिवारी सकाळीच माझ्याकडे येऊ लागली. एका शुक्रवारी बोलत बसलो आणि ती इथेच झोपली. दुसऱ्या दिवशी मोठा विजय. मग शुक्रवारपासून. मग सर्दी झाली म्हणून आठवडाभर राहिली, पुन्हा विजय. तेव्हा डेल्मर स्वतः तिची बॅग घेऊन दारात उभा. “एवढा हंगाम संपेपर्यंत, राणी.” शनिवारी डुकराच्या भाजलेल्या बरगड्या चांदीच्या कागदात झाकून पाठवायचा, तिला जेवायलाही कोचावरून उठायला लागू नये म्हणून.

“हंगाम संपला की जाईनच,” नेडा म्हणायची. बॅग तिनं रिकामी केलीच नाही. रोज एकेक कपडा काढायची, धुऊन परत घडी घालून आत ठेवायची. कपाटात लाव म्हणून मी दोनदा बोलले, तिसऱ्यांदा नाही बोलले.

गेल्या शनिवारी पाणमांजरं हरली. वाईट हरली, आणि हंगामही तिथेच संपला. नेडाला हळहळ वाटली, पण टीव्ही बंद होईपर्यंत तिची बॅग भरून झाली होती. “आता येईल तो न्यायला. आता मला इकडे ठेवायचं कारणच उरलं नाही,” असं म्हणत तिनं केस विंचरले, ओठांना रंग लावला. कुंपणाचं फाटक वाजलं तसं मी काही म्हणायच्या आत दार तिनंच उघडलं, बॅग हातात.

डेल्मर तोच कळकट शर्ट घालून उभा होता. रडून डोळे सुजलेले.

“आपण हरलो, नेडा.”

“बघितलं रे मी. चल, घरी जाऊ.”

त्याचं बॅगेकडे लक्षच नव्हतं. तिच्या खांद्यावरून तो आत कोचाकडे बघत होता.

“खरं सांग हं, रागावणार नाही मी,” तो म्हणाला. “आज तू कुठल्या कडेला बसली होतीस?”

नेडानं बॅग खाली ठेवली.

“नेहमीच्याच,” ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. बाहेर तो बराच वेळ उभा होता. बूट वाजत होते. ती बॅग उचलून आतल्या खोलीत गेली आणि तिथून तिनं मला हाक मारली.

“ओपल, तुझ्या कपाटात एखादा कप्पा रिकामा होईल का गं?”