कढीचा डबा अन् बादलीची अक्कल

वरूडहून अमरावतीच्या मंडीत संत्रा नेतो मी. शाळेत गेलो नाई म्हणून स्टेअरिंग हातात आलं, असं बायको म्हणते. आता कंबर बोंबलते, गुडघे बोंबलतात, गाडी बोंबलते. तिघाईचं ऐकत ऐकत चालवतो.

त्या दिवशी बायको संगं होती. पोरगी अमरावतीले राहते, तिले दिवस गेले होते अन् पोटात काईच ठरत नव्हतं. फोनवर रडली, "आई, तुह्या हातची कढी पाह्यजे. बाकी काई नोको."

बायकोनं पहाटे उठून वर धराची कडी असलेल्या डब्यात कढी भरली अन् डबा मांडीवर घेऊन बसली. मी म्हटलं, "मांडीवर कायले? मागं माल तणसाच्या गवतात भरला आहे, हालत नाई. संत्र्यायत रोवून देतो."

"सांडन अवो."

"नाई सांडत. लहानपणी मी भरली बादली डोक्यावरून गरगर फिरवत होतो. हळू फिरवली तं पाणी अंगावर. जोरात फिरवली तं थेंब पडे नाई."

एवढं शास्त्र मले पुरलं. थकलो होतो, मंडीत लवकर पोचाचं होतं. म्हणून वळणं जोरातच घेतली.

एका मोठ्या वळणावर मागं धडधड झाली. उतरून पाह्यतो तं सारा संत्रा वळणाच्या बाहेरच्या बाजूले सरकून गाडीच्या फळीले टेकलेला. डबा आडवा. अर्धी कढी तणसानं पिली.

बायको रडली नाई, तेच वाईट. डबा पुसला, वाकडं झालेलं झाकण दाबून बसवलं, अन् आता कडीले धरून, गुडघ्यायच्या मधात लोंबता ठेवून बसली. पुढच्या वळणावर मी तिरप्या नजरेनं पाह्यलं. डबा आपल्या आपण कलला, बूड बाहेरच्या बाजूले. एक थेंब सांडला नाई.

"बादली बी हातात लोंबतच होती न," मी म्हटलं.

"हे घरी काहून नाई आठवलं?"

मग मी अशी हळू चालवली का सायकलवाला पुढं निघून गेला. बायको डबा या हातातून त्या हातात घेऊन राहिली होती. म्हटलं, "दे मले थोडा वेळ."

"तुमी रस्ता पाहा."

पोरीनं दारातच डबा घेतला, झाकणात ओतून कढी पिली, अन् भिंतीले टेकून उभी राहिली. आमी दोघंई तिच्या तोंडाकडे पाहत होतो. उलटी होते का नाई? नाई झाली. तिनं डब्यातली सारी संपवली.

"अजून आहे का?"

"आहे," मी म्हटलं, "पण तणसात आहे."

पोरगी हासली. लय दिवसानं. बायको हासली नाई. उंबऱ्यावर बसून ती आपली बोटं एक एक करून सरळ करत होती, अन् कडी धरून आखडलेली ती काई सरळ होत नव्हती.