गौरी खड्यांच्या की उभ्या

१८ जानेवारी, रविवार. मटार सोलत होते.

माझ्या घरी नाही. गाझियाबादच्या एका सोसायटीत, समाजशास्त्राच्या प्राध्यापक बाईंच्या डायनिंग टेबलाशी. पीएच.डी.साठी माझ्या गाईड व्हाल का, हे विचारायला गेले होते. प्रस्तावाची फाईल बरोबर नेली होती. ती मॅडमनी घेऊन फ्रिजवर ठेवली आणि माझ्यापुढे परात सरकवली.

"बोलता बोलता हात चालू द्या. तुम्ही काय, घरच्याच. आणि जेवूनच जायचं हं, मटारभात करतेय."

हॉलमध्ये त्यांचे दोन विद्यार्थी सोफ्यावर बसले होते. एक लखनौचा, एक कोलकात्याची. दोघं माझ्या मुलीच्या वयाचे. मॅडम त्यांच्याशी इंग्रजीत तिसऱ्या प्रकरणाबद्दल बोलत आणि मग माझ्याकडे येऊन मराठीत सांगत, "किडका असेल तर टाकून द्या हं." त्यांना प्रकरण, मला परात.

मला राग आला नाही. उलट बरं वाटलं, आणि तेच मला आज बोचतं.

कारण सांगते. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला मराठी ऐकू आलं की तो भान सोडतो. मेट्रोत कुणी "अगं सरक ना" म्हणालं तरी आपण वळून बघतो, हसतो, गाव विचारतो. माझा नवरा फौजेत होता. छावण्या बदलत बदलत आम्ही पालमला येऊन थांबलो. तो आता मानेसरच्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर आहे, मी सरकारी शाळेत शिकवते. घराबाहेर दिवसभर हिंदी. त्यामुळे मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला या मॅडम भेटल्या आणि "अय्या, तुम्ही मराठी!" म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, काम झालं. एमए मी पोरं वाढवताना केलं होतं. नेट पंचेचाळिसाव्या वर्षी पास झाले. आता अर्जाबरोबर गाईडची संमती हवी होती, आणि माझ्या विषयाला त्या वर्षी त्यांच्याकडेच जागा होती.

मी म्हटलं होतं, "विभागात येऊन भेटते." त्या म्हणाल्या, "विभागात काय भेटायचं, घरी या. आपण मराठी माणसं."

मी गेले. कुठल्याही लखनौवाल्या बाईच्या घरी मी असं परातीपुढे बसले नसते. आपली भाषा बोलणारी बाई आपली, एवढाच हिशेब केला. चुकीचा.

माझा विषय छावणीतल्या बायकांचा होता. जवानाची बायको, सुभेदाराची बायको, कर्नलची बायको. कार्यक्रमात खुर्ची कुणाला आणि सतरंजी कुणाला, हे नवऱ्याच्या खांद्यावरचा हुद्दा बघून ठरतं. मेमसाबांसमोर नाच बसवायला जवानांच्या बायकांना बोलावतात, आणि नाही म्हटलं तर नवऱ्याला ऐकावं लागतं. ते सगळं मी सतरंजीवर बसून पाहिलेलं आहे. डिसेंबरमध्ये मॅडमना ईमेलवर प्रस्ताव पाठवला, तेव्हा फोनवर त्यांचे शब्द होते, "फार वेगळा विषय. यावर कुणी काम केलेलं नाही. अजिबात बदलू नका."

परात अर्धी झाली होती. मॅडम समोर येऊन बसल्या, त्यांनीही चार शेंगा उचलल्या. गाव विचारलं. सांगितलं. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. मग त्यांनी सहज विचारलं,

"तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की उभ्या?"

मराठी माणसाला हा प्रश्न समजावून सांगायला नको. जात विचारायची आपली ही सुशिक्षित रीत आहे. कुणी कुलदैवत विचारतं, कुणी लग्न कुठल्या पद्धतीनं झालं ते विचारतं. जात काय, असं कुणीच विचारत नाही.

"आमच्याकडे गौरी नसतात. आम्ही बौद्ध."

मॅडमच्या हातातली शेंग अर्धवट उघडी राहिली. मग त्या हसल्या. "अच्छा, अच्छा. छान. आमच्याकडे खूप येतात तुमच्यातले. हुशार असतात."

पुढे जे झालं ते कुणाला सांगितलं तर म्हणतील, यात काय आहे? कुणी ओरडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. मॅडम उठल्या आणि परात माझ्यापुढून ओढून घेतली.

"राहू द्या हो ते. आमची कामवाली करेल."

"थोडेच उरलेत, करते की."

"छे छे, पाहुण्यांना कुठं कामाला लावायचं!"

आत्ता घरची होते. एका वाक्यात पाहुणी झाले.

मला बाल्कनीत खुर्ची दिली. ऊन छान होतं. फ्रिजवरची फाईल खाली आली. मॅडमनी ती चाळली, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखी.

"मला वाटतं, विषय बदलू या. हे संशोधन कमी आणि तक्रार जास्त वाटते. तुम्ही तुमच्या समाजातल्या बायकांवर काम करा ना. तुम्हाला ॲक्सेस आहे, लोक तुमच्याशी बोलतील. माझ्या प्रोजेक्टलाही मदत होईल. मुलाखती तुम्ही आणा, ॲनालिसिसचं आपण बघू."

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होतात की बदलू नका."

"तेव्हा मला तुमची पार्श्वभूमी माहीत नव्हती. विषय बदला, मी उद्याच सही करते."

चहा आला. जेवणाचं नाव निघालं नाही. आत कुकरची तयारी चालली होती, ते दोघं सोफ्यावरच होते. मी उठले. कुणी थांबवलं नाही.

खाली गेटपाशी मागून झुंपा आली. मॅडमकडे कामाला असणारी बाई. नाव मी बदललंय. त्या घरातलं काम तिनं आता सोडलंय, म्हणूनच हे लिहू शकते. तिच्या हातात पिशवी होती, आणि चेहरा खुललेला.

"दीदी, देखो ना, मैडम ने सारा छिला हुआ मटर मुझे दे दिया! घर ले जा, बोलीं।"

"अच्छा है," मी म्हटलं. "तो पुलाव किसका बनेगा?"

"वही तो! अब नया लेने भेजा है। ठेले से। बड़े लोगों का कुछ समझ नहीं आता।"

ती हसत ठेल्याकडे गेली. मी तिथंच उभी राहिले. मला बरोबर समजलं होतं.

मेट्रोत बसायला जागा मिळाली, तरी मी उभीच होते. हात सारखे ओढणीला पुसत होते. मग लक्षात आलं की मी हे काय करतेय, आणि हात खाली केले. माझ्या हातांना काहीही झालेलं नव्हतं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो बूट पॉलिश करत होता. ब्रश न थांबवता म्हणाला, "सही घे अन् गप बस. पीएच.डी. झाल्यावर बोल काय ते. फौजेत आम्हाला सी.ओ. साहेब निवडता यायचा का? काढलेच ना दिवस."

"तुम्हाला सी.ओ. सरकारनं दिला होता. हिच्या दारात मी माझ्या पायानं गेले."

"मग वर्ष जाईल."

"जाईल."

"पुढच्या वर्षी तरी कोण उभं आहे तुझ्यासाठी?"

मी कणीक मळायला घेतली. त्याचं चुकत होतं असंही नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची. या वयाची विद्यार्थिनी घ्यायला कोण टपून बसलंय? विषय बदलला असता तर उद्या सही, महिन्याभरात मुलाखत, वर्षअखेर रजिस्ट्रेशन. कणीक मळता मळता मी हे सगळं डोक्यात नीट मांडून पाहिलं. आणि त्याच वेळी दिसलं की सही ज्या गोष्टीवर होणार होती, ती माझी नव्हतीच. मी माझ्या बायाबापड्यांकडून त्यांची दुःखं वदवून आणायची, आणि त्याचा अर्थ लावायचा मॅडमनी. छावणीतल्या मेमसाबांबद्दल मी तोंड उघडलं तर ती तक्रार. माझ्या आईबद्दल मॅडमनी लिहिलं तर ते संशोधन.

आयुष्यभर सतरंजीवर बसले. आता पीएच.डी.सुद्धा सतरंजीवर बसूनच करायची?

नाही करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, विषय बदलणार नाही. आणि तुमच्याकडे पीएच.डी. करणार नाही."

"अहो, असं अचानक? काय झालं?"

"तुम्हाला माहीत आहे."

झुंपाचं नाव घेतलं असतं तर तिचं काम गेलं असतं. त्यामुळे माझ्याकडे होता तो एकच पुरावा मी वापरला नाही.

मॅडम म्हणाल्या, "इतकं सेन्सिटिव्ह होऊन कसं चालेल? यामुळेच तुम्ही लोक मागे राहता."

"तुम्ही लोक म्हणजे कोण, मॅडम? नाव घेऊन सांगा."

फोन बंद झाला.

त्यानंतर मी विद्यापीठात गेले. समाजशास्त्राच्या नाही, दुसऱ्या विभागात. ओळख नाही, चिठ्ठी नाही, मराठी कुणी असेल का, याची चौकशी नाही. पहिल्याच खोलीत चष्मेवाले एक सर होते. त्यांनी खुर्ची दाखवायच्या आत मी उभ्याउभ्या हिंदीत सांगून टाकलं. नाव. वय. जवानाची बायको. बौद्ध, आणि त्याआधी आमची जात कुठली, तेही. विषय हा. बदलणार नाही. घरी येणार नाही, भेट इथेच, कामाच्या वेळेत. त्यांना विचारायला मी काही शिल्लकच ठेवलं नाही.

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मेरे यहाँ सीट नहीं है।"

"ठीक है, सर."

बाहेर आले. लांब व्हरांडा होता. दोन्ही बाजूंना दारं, दारांवर नावाच्या पाट्या.

मी पुढचं दार वाजवलं.