विहिरीची चौकशी

आष्टीतला आमचा न्हावी दाढी करताना प्रत्येकाला एकच विचारायचा, "इहीर कुठवर आली, भाऊ?" आम्हाला वाटायचं, बोलघेवडा आहे. पण कातळ फोडायला जिलेटिनच्या कांड्या आणतात, आणि पाणी लागल्यावरही कुणाकडं कांड्या येत राहिल्या तर तो पोलिसांच्या कानावर घालायचा, हे त्याचा सख्खा भाचा पकडला गेला तेव्हा कळलं. भाच्याला आठवडी बाजारात स्फोट करायचा होता. खबर मामानंच दिली होती.

बाजार नेहमीसारखा भरला. याचं दुकान मात्र ओस पडलं. बहिणीनं तर दारच लावून घेतलं.

परवा मी गेलो. "बसा," एवढंच म्हणाला. विहिरीचं त्यानं विचारलं नाही. वस्तरा गळ्यावरून फिरत होता आणि इतकी वर्षं या खुर्चीत आपण काय काय बोललो, ते मी आठवत होतो.