पडद्यावरचा अर्धा अंश

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सातपूरच्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होते. विंचूरजवळच्या एका शीतगृहाला आमचा प्रोग्राम होता. प्रत्येक खोलीचं तापमान वाचायचं, पडद्यावर दाखवायचं आणि खोली तापायला लागली की कॉम्प्रेसर सुरू करायचा, एवढंच त्याचं काम. तो सी भाषेत लिहिणारा माणूस माझ्या आधीच नोकरी सोडून परदेशी गेला होता. त्या कोडशी माझा कधी संबंध आला नव्हता.

मार्चमध्ये एका सकाळी शीतगृहाच्या मालकांचा फोन आला. "मॅडम, स्क्रीनवर सगळं बरोबर हाय, पण पहिल्या खोलीतली द्राक्षं हाताला गरम लागत्यात. लगेच निघा." आमचे साहेब मुंबईला गेलेले. एकटीच निघाले.

पहिल्या खोलीचं दार उघडताच आंबूस वास नाकात शिरला. पेट्यांतले मणी मऊ पडून तपकिरी झाले होते. बाहेर पडद्यावर मात्र अर्धा अंश, अगदी हवा तसा. मालकांनी तिथला कॉम्प्रेसर हातानं सुरू केला होता, पण त्या मालात आता काही राहिलं नव्हतं.

"बाकीच्या खोल्यांचे आकडे खरे का खोटे?" त्यांनी विचारलं. "एकेक दार उघडून बसलो तर या उन्हात हाय ती थंडी पण जायची."

मी संगणकासमोर बसले. व्हरांड्यात एक बाई बसल्या होत्या. त्यांचा सगळा हंगाम तिसऱ्या खोलीत होता. त्या माझ्या हाताकडे बघत होत्या.

मी कोड उघडला. शेवटी ती ओळ सापडली. तापमापकाकडून आलेल्या मजकुरातून आकडा काढायला सी भाषेसोबत येणाऱ्या लायब्ररीतलं तयार फंक्शन वापरलं होतं. आकडा मिळाला की नाही, हे ते फंक्शन सांगतं. पण ते काय सांगतंय हे कोडमध्ये कुठेच तपासलेलं नव्हतं. उंदरांनी तापमापकाची वायर कुरतडली होती, हे नंतर दिसलं; त्यामुळे मजकूर म्हणून नुसता कचरा येत होता. आकडा मिळतच नव्हता आणि पडद्यावर जुनाच आकडा तसाच राहिला होता. त्यावर विसंबून कॉम्प्रेसर बंद.

मी तपासणी घातली: आकडा मिळाला नाही तर तसं लिहून दाखव, भोंगा वाजव, कॉम्प्रेसर सुरू ठेव. प्रोग्राम चालवला. पहिल्या खोलीपुढे 'वाचता आलं नाही' असं आलं. हायसं वाटणार, तेवढ्यात तिसऱ्या खोलीपुढेही तेच आलं.

मालक पळत गेले. दाराजवळच्या पेट्या नासल्या होत्या. आतल्या मागच्या बाजूच्या थोड्या वाचल्या. माल न्यायला आलेला निर्यातीचा कंटेनर रिकामाच परत गेला.

बाई आत येऊन पडद्यासमोर उभ्या राहिल्या. "पोरी, आता हे खरं सांगतंय?"

"हो."

"मंग आधी का नाय सांगितलं?"

मला रडू आवरेना. त्यांनी पदरानं स्वतःचा घाम पुसला आणि वाचलेल्या पेट्या उचलायला त्या मालकांच्या मागे गेल्या.