बंगल्यावरचा बुटका ट्रॅक्टर

डिचोलीच्या एका खाणीवर टाइम ऑफिसात उभी हयात काढल्यावर मला निरोप समारंभात शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. जन्मभर दुसऱ्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहिणाऱ्या माणसाने आता घरी बसून स्वतःची वेळ बघावी, असा त्यामागचा प्रेमळ विचार असावा. भाषणांत सगळ्यांनी मला देवाधर्माकडे लक्ष द्यायला सांगितलं. मी मान डोलावली, आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या भंगारातून एक ट्रॅक्टर उचलला.

ट्रॅक्टर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते पुसून टाका. हा माझ्या कमरेएवढा होता. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या वर्षांत खाणीवर जे मोठे साहेब आले, त्यातल्या एकाला बंगल्यासमोर हिरवळ हवी होती. डिचोलीत, जिथे वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळी लाल होऊन घरात येतं, तिथे हिरवळ. त्या हिरवळीचं गवत कापायला खाणीच्या यंत्रांबरोबर बोटीतून हा बागेतला ट्रॅक्टर आला. एक सिलिंडर, पेट्रोलवर चालणारा, वर बसायला लोखंडी सीट. हिरवळ लवकरच मेली, साहेब बदलून गेले आणि ट्रॅक्टर बंगल्यामागच्या फणसाखाली जाऊन बसला. माझ्या टेबलाजवळच्या जनेलातून तो रोज दिसायचा. त्या ऑफिसात माझ्याइतकाच एका जागी बसलेला दुसरा कोणी नव्हता, म्हणून असेल, पण मला तो आवडायचा.

टेम्पोत घालून, अस्नोडा, कोलवाळचा पूल असं करत मी त्याला पार्से गावातल्या माझ्या घरी आणलं. बायको अंगणात आली. तिने टेम्पोत वाकून पाहिलं.

"हे काय?"

"ट्रॅक्टर."

"आणि बाकीचा मागून येतोय का?"

तेवढ्यात शेजारचे काका कुंपणाच्या दगडी गडग्यावरून डोकावले. हे काका आमच्या वाड्यावरचे सगळ्यात वडीलधारे. एकुलता मुलगा आखातात, बायको देवाघरी, त्यामुळे आमच्या घरावर लक्ष ठेवायला त्यांच्याकडे भरपूर वेळ होता.

"ह्यां काय रे हाडलंस?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ट्रॅक्टरकडे नीट पाहिलं. "वाढतलो मा अजून?"

असं त्याचं स्वागत झालं.

माडांच्या भाटातल्या मांगरात, म्हणजे खोपटात, जिथे आधी नारळ आणि त्यांची सोललेली सोडणं असायची, तिथे मी काम सुरू केलं. नारळ बाहेर आले, सोडणं पडवीत गेली आणि बायकोचा संयम कुठे गेला ते समजलं नाही. इंजिन पूर्ण जाम होतं. सीटखाली उंदरांनी संसार थाटला होता. मी ट्रॅक्टर लाल समजून आणला होता, पण डिचोलीत सगळंच लाल असतं. धूळ धुतल्यावर खालून सरकारी दवाखान्याच्या भिंतीसारखा फिकट निळा रंग निघाला.

काका रोज सकाळी चहा पिऊन खुर्ची घेऊन येत आणि मांगराच्या दारात बसत. मदत करायला नव्हे. कोणीतरी साक्षीदार हवा ना.

"आज काय करतंस?"

"पिस्टन सोडवतोय, काका."

"काल काय करी होतंस?"

"पिस्टनच सोडवत होतो."

"प्रगती असा," काका म्हणत आणि विडी पेटवत. शेजारी पेट्रोल आहे, हे मी सांगितलं की खुर्ची वीतभर मागे सरकवत.

याच काळात बायकोची दाढ दुखायला लागली आणि कोणीतरी सुचवल्यावरून आम्ही फोंड्याच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना घरातच होता. बायको खुर्चीत आडवी, तोंडात कापूस. मी बाहेर मासिक चाळत बसलो असताना मागच्या अंगणात ताडपत्रीखालून एक ओळखीचं पुढचं चाक दिसलं. मी आत जाऊन डॉक्टरांना विचारलं. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांच्या मुलीला स्थळ आलंय. हातातलं अवजार ट्रेमध्ये ठेवून ते मला थेट मागे घेऊन गेले. त्याच बनावटीचा ट्रॅक्टर! कार्बोरेटर, मॅग्नेटो, पट्टे, सगळ्यावर आम्ही मनसोक्त बोललो. परत आलो तेव्हा बायको उघड्या तोंडाने छताकडे बघत होती. तिला बोलता येत नव्हतं, हे आम्हा दोघांचं नशीब. संध्याकाळपर्यंत तिला बोलता यायला लागलं, आणि ते माझं एकट्याचं नशीब.

डॉक्टर कित्येक वर्षं आपला ट्रॅक्टर दुरुस्त करत होते. तो एकदाही सुरू झाला नव्हता, त्यामुळे त्यांचं ज्ञान अगदी निर्भेळ होतं. अनुभवाची भेसळ म्हणून नव्हती. ते रविवारी आमच्याकडे यायला लागले. दात कोरायच्या बारीक आकड्या घेऊन येत आणि कार्बोरेटरची भोकं अशा मायेने साफ करत की आता ते त्याला चूळ भरायला सांगतील असं वाटायचं.

पिस्टन अखेर सुटला. रॉकेल ओतून, लाकडाच्या ठोकळ्याने रोज हलके ठोकून एके दिवशी तो केसभर हलला आणि मी ओरडलो. काका दचकून उठले. "काय, बोट गेला?" त्यांनी आशेने विचारलं.

पेट्रोलच्या टाकीत आतून गंज होता. त्यावर उपाय बायकोने केला, मदत म्हणून नाही, कंटाळून. मी दिवसभर टाकीत खडी घालून ती खुळखुळ्यासारखी हलवत होतो. तो आवाज असह्य होऊन ती झाडावरच्या आंबट बिंबलांची टोपली घेऊन आली. समया आणि तांब्याची भांडी ती बिंबलांनीच घासते. "ही ठेचून घाला आत आणि दोन दिवस गप्प बसा," ती म्हणाली. टाकी आतून चांदीसारखी झाली. मग मला चेवच आला. चाकांच्या पट्ट्या, बोल्ट, सीटची स्प्रिंग, सगळं बिंबलांत बुडालं. झाड रिकामं झालं. त्या वर्षी आमच्या माशांच्या हुमणात आंबट नव्हतं, ट्रॅक्टरमध्ये होतं.

कॉइल मिळेना, तेव्हा म्हापशातून जुन्या स्कूटरची बसवली. पट्टा पिठाच्या गिरणीचा. मूळचं किती उरलं हा प्रश्न डॉक्टरांना फार छळायचा. "शुद्धता राहिली नाही," ते उसासा टाकत. त्यांचा शुद्ध ट्रॅक्टर ताडपत्रीखाली सुखात होता.

ज्या रविवारी सुरू करून बघायचं ठरलं, त्या दिवशी डॉक्टर इस्त्रीचा शर्ट घालून आले. दुपारपर्यंत आम्ही आळीपाळीने दोरी ओढली. दर ओढीनंतर डॉक्टर नवं निदान करत. शेवटी घामाघूम होऊन ते जेवायला घरात गेले. मी हात धुण्याआधी सहज एकदा दोरी ओढली आणि ट्रॅक्टर सुरू झाला.

आधी खोकला, मग पांढऱ्या धुराचा लोट, मग टप-टप-टप असा एक आवाज, की वाड्यावरची कोंबडी माडाच्या आळ्यात लपली. गडग्यापलीकडून काका ओरडले, "चालू झालो की मांगर पेटलो?" बायको धावत आली. तिच्यामागून डॉक्टर आले, उजव्या हाताला भात लागलेला. त्यांना आनंद झाला असणार, पण चेहरा मात्र लग्नाचं आमंत्रण न मिळालेल्या पाहुण्यासारखा होता.

"मी नसताना?" ते म्हणाले.

पुढे कळलं की मी हा ट्रॅक्टर चालवू शकत नाही. त्या साहेबाचे पाय आखूड असावेत. मी बसलो की माझे गुडघे स्टिअरिंगच्या दांड्याला आणि पोट त्याच्या चाकाला लागायचं. डावीकडे वळायचं तर मला श्वास सोडावा लागे. बायको जेमतेम पाच फुटांची. "उतरा," ती म्हणाली, पदर खोचला, चप्पल काढली आणि भाटाला एक पूर्ण फेरी मारून आली. एकही रोपटं मोडलं नाही. परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. मी इतके महिने खपून जे तयार केलं, ते तिला वाढदिवसाची भेट म्हणून दिलं असं मी नंतर सगळ्यांना सांगत राहिलो. तिचा वाढदिवस त्या ऋतूत येत नाही.

जुन्या हातगाडीची चाकं लावून वेल्डरकडून एक छोटी ट्रॉली करून घेतली. बायको तीत नारळ, शेण, काजूची बोंडं वाहायला लागली. काकांना विचारलं, कसं वाटतं? "हातगाडीक पेट्रोल लागा नाय होता," ते म्हणाले.

मग चतुर्थी आली, आणि काकांचा गुडघा सुजला.

काकांचा गणपती शेतापलीकडच्या वाड्यावरच्या, मूर्ती घडवणाऱ्या चित्रशाळेतून येतो. शेतातून मेरेवरची, म्हणजे बांधावरची वाट, मग दोन गडग्यांमधली अरुंद पाणंद. रिक्षा तिथे शिरत नाही. तरुणपणापासून काका आपला गणपती स्वतःच्या डोक्यावरून आणत. वाड्यावरच्या जवान पोरांनी विचारून पाहिलं, पण काकांनी कोणाला दाद दिली नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते काठी टेकत आमच्या अंगणात आले. बायको गणपतीवर टांगायच्या माटोळीला बांधायची फळं निवडत होती. काका बराच वेळ माटोळीतल्या तोरिंजन फळाच्या भावावर बोलले. पावसावर बोलले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझो तो खेळ... चलता मा अजून?"

मी काही लागट बोलणार होतो. इतक्या महिन्यांचा साठा होता माझ्याकडे. पण बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि उत्तर तिनेच दिलं. "चालतो काका. सकाळी तयार राहा."

ट्रॉलीत पेंढा पसरला, त्यावर चटई, चटईवर पाट. सकाळी बायको नऊवारी नेसून सीटवर बसली. चित्रशाळेतून परत निघालो तेव्हा काका नवं रेशमी उपरणं घेऊन ट्रॉलीत, गणपतीला दोन्ही हातांनी धरून. मी पुढे चालत वाटेतले दगड बाजूला करत होतो. म्हणजे साहेबांच्या ट्रॅक्टरपुढे मी अखेर माझ्या मूळ जागी आलो होतो. मागे झांजा वाजवत चारदोन माणसं. ट्रॅक्टरचा वेग असा की झांजवाले पुढे जाऊ लागले आणि त्यांना थांबावं लागलं.

शेताच्या बरोबर मधे, दोन्ही बाजूंना पोटरीला आलेलं भात, ट्रॅक्टर थांबला. झांजा थांबल्या. आणि पाऊस आला.

मातीची मूर्ती. ओला रंग कसा ओघळतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. होत्या तेवढ्या छत्र्या गणपतीवर गेल्या. मी बॉनेट उघडलं. चाकांनी उडवलेलं डबक्यांतलं पाणी प्लगवर बसलं होतं. माझा शर्ट भिजलेला, रुमाल भिजलेला, बायकोचा पदर भिजलेला. कोरडं काही नव्हतंच. मी बोटाने पुसायचा प्रयत्न केला. आता काका काय बोलतील ते मी मनात तयारच करून ठेवलं होतं.

छत्र्यांखाली, मूर्तीच्या मागे, काका एकटे कोरडे होते. त्यांनी खांद्यावरचं रेशमी उपरणं काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घे. पूस."

"काका, हे..."

"पूस म्हणतंय मा!"

मी त्या उपरण्याने प्लग पुसला, तार पुसली. काळा तेलकट डाग त्याच्या जरीवर उमटला. बायकोने दोरी माझ्या हातातून घेतली आणि एका झटक्यात ओढली. टप-टप-टप. झांजवाल्यांनी असा जयजयकार केला की तो गणपतीचा होता की इंजिनाचा हे सांगता येणार नाही. पाणंदीत दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा ठेवून ट्रॉली आत शिरली. काकांच्या दारात मूर्ती उतरली तेव्हा तिचा एक थेंबही रंग गेला नव्हता.

आरतीला आलेल्यांनी उशीर का झाला ते विचारलं. काका गंभीरपणे म्हणाले, "वाटेत जरा थांबलो. गणपतीक शेत बघूचा होता." उपरण्याच्या डागाबद्दल कोणी विचारलं, तर त्यांना ऐकू येत नव्हतं.

फोंड्याच्या डॉक्टरांना मी फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मूळ कॉइल असती तर थांबला नसता."

पुढच्या चतुर्थीला वाड्यावरच्या निम्म्या घरांचे गणपती ट्रॅक्टरवरून आले. गुडघे कोणाचेच दुखत नव्हते. कोणाचा आधी आणि कोणाचा नंतर, हे काका आमच्या अंगणात खुर्ची टाकून ठरवत होते, आणि जो घासाघीस करील त्याला शेवटचा नंबर देत होते. चालवायला बायको होती. काका मधूनच मला हाक मारत, "रे, पेट्रोल बघ!" आणि मी बघत होतो.